एका किल्लीची कोठडी

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघांनी बरोबर उभे राहून आपापली किल्ली फिरवल्याखेरीज तो लोखंडी दरवाजा उघडत नाही. रोखपाल कितीही जुना असो, त्याच्या सचोटीच्या गोष्टी गावभर सांगितल्या जात असोत, त्याने एकट्याने आत जायचे नाही. मॅनेजरनेही नाही. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि त्यांतली निदान बारा वर्षे अशी एक किल्ली माझ्या खिशात होती. रात्री दोनदा उठून मी ती चाचपून पाहत असे. त्या किल्लीपायी निम्मे आयुष्य जागरणात गेले, अशी घरच्या मंडळींची तक्रार अजून आहे.

या व्यवस्थेत कुणाचा अपमान नसतो. दुसरी किल्ली असते म्हणूनच तर पहिली किल्ली बाळगणारा सुखाने झोपू शकतो. उद्या काही कमी पडले तर ‘मी एकटा आत गेलोच नव्हतो’ असे त्याला छातीवर हात ठेवून सांगता येते. पोलीस ठाण्याच्या कोठडीला मात्र एकच किल्ली असते. मी कुलुपाच्या किल्लीविषयी बोलत नाही, नोंदीच्या किल्लीविषयी बोलतो आहे. माणूस आत केव्हा आला, कशासाठी आला, आला तेव्हा धडधाकट होता की नव्हता, बाहेर केव्हा गेला, हे सारे ज्याने लिहायचे आणि ज्याच्यावर उद्या आरोप होऊ शकतो, तो एकच.

हे मला पुस्तकात वाचून कळलेले नाही. ते कसे कळले ते आधी सांगतो. गेल्या सदतीस-अडतीस वर्षांत ते मी कुठे लिहिलेले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतही नाही.

१९८७ साल. मराठवाड्यातले एक तालुक्याचे गाव. नोकरीला लागून मला दोनच वर्षे झाली होती. एके दिवशी सकाळी आम्ही जिल्ह्याच्या करन्सी चेस्टला जादा रोकड पाठवली आणि संध्याकाळी हिशेब जुळवताना दहा हजार रुपये कमी आले. म्हणजे शंभराच्या नोटांचे एक पूर्ण पाकीट. तीनदा मोजले, रात्रीचे नऊ वाजले. त्या काळी दहा हजार म्हणजे माझा काही महिन्यांचा पगार. मॅनेजर म्हणाले, पोलिसात द्यावेच लागेल, नाहीतर वरून विचारणा होईल. तक्रारअर्जाचा मसुदा करायला त्यांनी मला सांगितले. माझे मराठी चांगले म्हणून. त्या अर्जात मी एक वाक्य लिहिले : ‘सदर दिवशी शिपाई यांचा कॅश केबिनमध्ये वावर होता.’ त्यात खोटे काहीच नव्हते. बंडले गाडीपर्यंत त्यानेच वाहून नेली होती. आम्ही सगळे त्याला मामा म्हणत असू. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, मितभाषी, चहात साखर कुणाला किती लागते हे पाठ असलेला माणूस. वावर माझाही होता, रोखपालाचाही होता, मॅनेजरांचाही होता. पण अर्जात वावर फक्त मामांचा आला. लेखक म्हणून मी पुढे पुष्कळ वाक्ये लिहिली. इतका तत्काळ परिणाम दुसऱ्या कुठल्याच वाक्याचा झाला नाही.

त्याच रात्री मामांना घरून नेले. ‘साहेबांनी जरा चौकशीला बोलावलंय’ एवढेच त्यांच्या बायकोला सांगितले. ती बिचारी सकाळी बँकेच्या दारात येऊन उभी राहिली. मी ठाण्यावर गेलो. फौजदार परिचयाचे होते. आमच्याच शाखेत त्यांचे आवर्ती ठेवीचे खाते होते, हप्ता कधी चुकवत नसत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मामा कुठे आहेत विचारले तर म्हणाले, ‘साहेब, तुम्हीच तर नाव दिलंत. आता आमचं काम आम्हाला करू द्या.’ आतल्या बाजूच्या खोलीतून येणारा आवाज मी ऐकला. तो चहाही मी प्यालो. हे लिहिताना हात अडखळतो आहे, पण प्यालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी करन्सी चेस्टमधून ट्रंककॉल आला. आम्ही पाठवलेल्या एका बंडलात दहाऐवजी अकरा पाकिटे निघाली होती. दहा हजार जागच्या जागी होते. बंडल बांधताना रोखपालाची मोजणी चुकली होती आणि त्यावर सही माझी होती. मामांना दुपारी सोडले. तळपायांवर पट्ट्याचे मार होते. पोलीस त्या पट्ट्याला लाडाने ‘बाजीराव’ म्हणतात, हे मला तेव्हा कळले. त्यानंतर मामांना रोकड पेटी घेऊन जिना चढणे कधी जमले नाही.

आता दोन खात्यांत पुढे काय झाले ते पाहा. बँकेत आठवड्याच्या आत तीन मेमो निघाले. रोखपालाला, मला आणि मॅनेजरांना. सात दिवसांत खुलासा. खुलासा असमाधानकारक. माझी एक वेतनवाढ सहा महिने पुढे ढकलली गेली आणि कारण म्हणून ‘रकमेची खातरजमा न करता सही करण्यातील निष्काळजीपणा’ असे सेवापुस्तकात नोंदले गेले. एक पैसाही बुडालेला नसताना! ठाण्यात काय झाले? काहीच झाले नाही, कारण काही घडलेच नव्हते. मामांना अटक झालेली नव्हती. स्टेशन डायरीत त्यांचे नाव नव्हते. दोन रात्री आणि दोन दिवस ते तिथे नव्हतेच. जो माणूस आला नाही त्याला मारणार कोण, आणि ज्याला मारले नाही त्याच्याबद्दल जाब कोण देणार?

वाचकहो, पोलिसी अत्याचाराची चर्चा निघाली की आपण काठीबद्दल, पट्ट्याबद्दल, टायरबद्दल बोलतो. माझ्या मते सगळे मर्म त्या कोऱ्या पानात आहे.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नव्हे. १८६० च्या दंडसंहितेत कबुलीसाठी मारहाण करणे या गुन्ह्याला सात वर्षांची शिक्षा सांगितली होती. गंमत अशी की, त्या कलमाखाली समजावणीसाठी जे पहिलेच उदाहरण दिले, त्यातला गुन्हेगार पोलीस अधिकारी आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला उदाहरण शोधायला लांब जावे लागले नाही. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याने ठरवले की, पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात चालणार नाही. म्हणजे पोलिसाच्या लेखणीवर कायद्याचा विश्वास नाही. पण त्याच कायद्यात लगेच एक खिडकी उघडी ठेवली : आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्यातला वस्तूशी निगडित भाग पुरावा म्हणून चालेल. ही तरतूद नव्या कायद्यातही आली आहे. तिचा व्यवहारात अर्थ काय होतो? कबुलीसाठी मारले तर कबुली फुकट जाते, पण मुद्देमालासाठी मारले तर मुद्देमाल चालतो. चोरीच्या संशयावरून नेलेल्या गरीब माणसाला सर्वांत जास्त मार का बसतो, याचे उत्तर बरेचसे या खिडकीत आहे. फौजदारांना मामांची कबुली नको होती, त्यांना दहा हजारांचे पाकीट हवे होते. आणि मुद्देमाल जप्त करताना दोन पंच लागतात, ही खरे तर दुसरी किल्लीच. पण ती ठाण्याच्याच टेबलाच्या खणात पडलेली असते. कोर्टकचेरीत वावरलेल्या कुणालाही ‘ठेवणीतले पंच’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

दुसरी किल्ली घडवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने केला. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ साली सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले, सोबत कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणे जोडली. त्या पत्रालाच याचिका मानले गेले आणि दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, निकाल आला. त्यातली अकरा कलमे ठाण्याठाण्यांत लावायची होती. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचे टिपण जागच्या जागी करायचे, त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची. नातेवाइकांना कळवायचे. दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासणी. मला हा निकाल वाचताना आमच्या बँकेचे मॅन्युअल आठवले. साक्षीदाराची सही म्हणजे दुसरी किल्लीच की! पण हे सारे लागू होते अटकेपासून. अटकच लिहिली नाही तर टिपण नाही, टिपण नाही तर साक्ष नाही. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करण्याचे घटनेतले बंधनही असेच. घड्याळ सुरू करणार पोलीस. मामांचे घड्याळ सुरूच झाले नव्हते.

मराठवाड्यातल्या माणसाला ‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण ऐकवावी लागत नाही. तिच्यात थोडी थट्टा, थोडा अभिमान आहे. त्या परभणीची दोन माणसे आपल्या विषयाशी बांधली गेली आहेत.

पहिला ख्वाजा युनूस. सत्तावीस वर्षांचा सॉफ्टवेअर अभियंता, आखातात नोकरीला. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात त्याला त्याच महिन्यात पकडले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी जाहीर केले की, त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीप घसरली आणि तो पळून गेला. त्याच्याबरोबर कोठडीत असलेल्या एका डॉक्टराने न्यायालयात वेगळे सांगितले : त्याला मारहाण होताना, रक्ताची उलटी करताना आपण पाहिले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीआयडीने तपास केला. निष्कर्ष असा की, पळून जाण्याची गोष्ट रचलेली होती. त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. स्फोटाच्या खटल्यातले उरलेले आरोपी २००५ साली निर्दोष सुटले. तो जिवंत असता तर बहुधा तोही घरी गेला असता.

तपासात चौदा पोलिसांची नावे आली. शासनाने खटल्याला मंजुरी दिली चौघांविरुद्ध. बाकीच्या दहांचा दोष होता की नव्हता हे मी ठरवू शकत नाही. मुद्दा असा की, न्यायालयालाही ते ठरवता आले नाही, कारण मंजुरी नसली की खटला उभाच राहत नाही. त्याच्या आईने वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१२ साली उच्च न्यायालयाने वीस लाखांची भरपाई ठरवली. ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. खटल्यातली साक्ष सुरू व्हायलाच आणखी पाच-सहा वर्षे गेली. विशेष सरकारी वकिलांनी आणखी चार पोलिसांना आरोपी करा असा अर्ज दिला आणि २०१८ साली त्या वकिलांनाच बाजूला करण्यात आले. जून २०२० मध्ये चारही आरोपी पोलिसांना पुन्हा सेवेत घेतले. त्यांतले सचिन वाझे पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात पकडले गेले आणि बडतर्फ झाले. तेव्हा सगळ्यांना अचानक ख्वाजा युनूस आठवला. घटनेला वीस वर्षे उलटली तरी खटल्याचा निकाल लागला नव्हता. बँकेत माझ्या खुलाशाला सात दिवस मिळाले होते.

दुसरा सोमनाथ सूर्यवंशी. पस्तिशीतला, कायद्याचा विद्यार्थी. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद आणि जाळपोळ, आणि मग धरपकड. त्या धरपकडीत तो सापडला. पोलीस कोठडी, तिथून न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी मात्र सांगितले की, मारहाण झालेली नाही, चित्रीकरणातही ती दिसत नाही, त्याला आधीचा आजार होता. कायद्यानुसार दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली आणि तिने पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा दाखल होईना. आईने उच्च न्यायालयात धाव घेतली; प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्यावर शासनाने काय करावे? सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले! ३० जुलैला ते फेटाळले गेले. केवळ एक गुन्हा नोंदला जावा, चौकशीची पहिली ओळ लिहिली जावी, म्हणून एका आईला देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयापर्यंत जावे लागले. शिक्षा होईल की नाही हा पुढचा प्रश्न. तुमच्या-माझ्याविरुद्ध तक्रार आली तर हेच काम ठाणे अंमलदार चहाचा कप संपण्याआधी उरकतो.

या दोघांच्या मधल्या काळात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सांगलीत जे झाले ते तर कादंबरीतही अतिरंजित वाटले असते. लूटमारीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण ठाण्यात मेला. पोलिसांनी त्याचे प्रेत आंबोलीच्या घाटात नेऊन जाळले आणि ठाण्यात नोंद केली : आरोपी पळून गेला. २००३ साली पारनेरजवळ ‘पळून गेला’, २०१७ साली सांगलीत ‘पळून गेला’. शब्दही तोच. लेखणी एकाच हातात असली की भाषेलासुद्धा फार श्रम घ्यावे लागत नाहीत. सांगलीच्या प्रकरणात लगोलग बडतर्फी झाली, खुनाचा गुन्हा दाखल झाला, कारण बरोबर पकडलेला दुसरा तरुण जिवंत होता आणि गाव रस्त्यावर उतरले होते.

मंजुरीचा उल्लेख वर आला. हे प्रकरण जरा समजून घेण्याजोगे आहे. लोकसेवकाने आपले कर्तव्य बजावताना, किंवा बजावत असल्याच्या भूमिकेतून, केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला भरायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले हे कलम १९७. उद्देश चांगला. कामाच्या माणसाला कुणीही उठून कोर्टात खेचू नये. मूळ कलम फक्त ज्यांना सरकारच काढू शकते अशा वरिष्ठांसाठी होते. पण महाराष्ट्रात १९७९ साली अधिसूचना निघाली आणि सुव्यवस्था राखणाऱ्या पोलिसांनाही ते कवच मिळाले. योगायोग पाहा, ज्या वर्षी मामांना ठाण्यात नेले त्याच १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, राष्ट्रीयीकृत बँकेचा अधिकारी लोकसेवक असला तरी त्याला हे कवच नाही. कारण त्याला सरकार नव्हे, बँक काढू शकते. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते बरोबरच असेल. पण परिणाम असा की, खोटे व्हाउचर करणाऱ्या माझ्यासारख्यावर फसवणुकीचा खटला थेट चालू शकतो, आणि माणूस मारल्याचा आरोप असलेल्यासाठी आधी मंत्रालयातून फाईल खाली यावी लागते. मारहाण हे काही कर्तव्य नव्हे, असे न्यायालये अधूनमधून म्हणतात. पण अधिकाराची मर्यादा ओलांडली तरी कर्तव्याशी संबंध असेल तर मंजुरी हवीच, असेही २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत एक सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. एकशेवीस दिवसांत सरकारने निर्णय घेतला नाही तर मंजुरी दिली असे धरले जाईल. फाईल खणात कोंडून ठेवण्याची सोय गेली. नकार देण्याची सोय राहिली.

आकडे द्यायचे तर एकदाच देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात पोलीस कोठडीत १,८८८ मृत्यू झाले. पोलिसांविरुद्ध गुन्हे दाखल झाले ८९३. आरोपपत्र गेले ३५८ जणांवर. शिक्षा झाली २६ जणांना. यातले काही मृत्यू आजाराचे, काही आत्महत्येचे असतील, आहेतही. पण एखाद्या शाखेत वीस वर्षांत इतक्या वेळा रोकड कमी आली असती आणि इतके कमी लोक सापडले असते, तर रिझर्व्ह बँकेने त्या शाखेला टाळे ठोकले असते.

न्यायाधीशांना हे दिसत नाही असे मुळीच नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी पोलीस खात्याच्या कायदेबाह्य वर्तनाबद्दल एका निकालपत्रात इतके जहाल शेरे मारले की सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६३ साली ते शेरे वगळण्यात आले. मुल्ला हे उर्दूतले नामवंत कवी. आता विनोद असा की, साठ वर्षांपूर्वी निकालपत्रातून पुसलेली ती वाक्येच वकिलांना आणि पत्रकारांना तोंडपाठ आहेत. बाकीचे निकालपत्र कुणाला आठवत नाही.

खरा उपाय सुचवला गेला होता, तोही १९८५ साली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत बाईने ‘माझी संमती नव्हती’ म्हटले तर तसेच धरून चालायचे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपी पोलिसावर. दोन वर्षांनी विधी आयोगाने आपल्या ११३व्या अहवालात म्हटले की, हेच तत्त्व जखमांना लावा. माणूस कोठडीत धडधाकट गेला आणि जखमी बाहेर आला, तर जखमा पोलिसांनी केल्या असे न्यायालयाला गृहीत धरता यावे. कसे झाले ते त्यांनी सांगावे. बँकेत वेगळे काय असते? माझ्या किल्लीखालची रोकड कमी आली तर खुलासा मी करायचा, खातेदाराने नव्हे. चाळीस वर्षे झाली. तीन-चार पक्षांची सरकारे आली-गेली. २०२३ साली अख्खा पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, तरी ही एक तरतूद तिथे शिरू शकली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण ती संसदेच्या कायद्याने पक्की केली नाही. २०१० साली लोकसभेने त्यासाठी विधेयक मंजूर केले, राज्यसभेत ते समितीकडे गेले आणि तिथेच संपले.

त्याऐवजी आले कॅमेरे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात आवाज टिपणारे कॅमेरे लावा आणि चित्रीकरण शक्यतो दीड वर्ष जपा. ही दुसरी किल्ली होऊ शकली असती. पण कॅमेऱ्याचे बटण कुणाकडे? नेमक्या वेळी तो बंद असतो, नाहीतर त्याची साठवण संपलेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाला या कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

पोलिसांची बाजू मला दिसत नाही असे समजू नका. शिपायाची बारा-बारा तासांची पाळी, गळकी वसाहत, बंदोबस्तात गेलेल्या दिवाळ्या, आणि ‘तीन दिवसांत छडा लावा’ म्हणून वरून येणारे फोन. मारले नाही आणि छडा लागला नाही, तर त्याला कोण शाबासकी देणार? आम्हा बँकवाल्यांना युनियन होती. आवाज चढवून बोलता येत होते. मुंबईच्या पोलिसांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आवाज चढवला तेव्हा त्यांची संघटनाच मोडीत काढली. कसाबला हातांनी धरून ठेवत गोळ्या झेलणारे तुकाराम ओंबळे याच खात्याचे. आणि जेव्हा कधी शिक्षा होते तेव्हा ती बहुतेकदा खालच्याला होते, ज्याच्या फोनवरून सारे सुरू झाले त्याचे नाव कागदावर नसते, हेही खरे.

पण वरच्याचे नाव कागदावर आले तरी काय होते? २००६ साली मुंबईत रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैयाला ‘चकमकीत’ मारले. त्याचा भाऊ वकील होता. त्याने त्याच संध्याकाळी तारा पाठवून ठेवल्या होत्या आणि पुढे वर्षानुवर्षे पाठ सोडली नाही. २०१३ साली तेरा पोलिसांना जन्मठेप झाली. २०१५ च्या अखेरीस शासनाने त्यांतल्या अकरा जणांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली. तो आदेश पुढे उच्च न्यायालयाला रद्द करावा लागला. त्या पथकाचे नेतृत्व केल्याचा आरोप असलेले आणि २०१३ साली सुटलेले प्रदीप शर्मा यांना मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी धरले; प्रकरण मग सर्वोच्च न्यायालयात गेले. अठरा वर्षे, आणि घरात वकील. सांगा, किती घरांत वकील असतो?

आता जरा आपल्याकडे. हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या चार संशयितांना पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या तेव्हा लोकांनी पुलावरून फुले उधळली. आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ साली सांगितले की, ती चकमक नव्हती, ठार मारण्याच्या हेतूने गोळ्या झाडल्या होत्या. तोवर फुले सुकून गेली होती. बदलापूरच्या आरोपीला सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागली तेव्हाही मिठाई वाटली गेली. लहान मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण, संताप स्वाभाविक होता, माझाही होता. चार महिन्यांनी दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरले. मिठाई वाटणाऱ्यांपैकी तो अहवाल कितीजणांनी वाचला असेल?

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचे? आमच्या सोसायटीत मागे एका घरात अंगठी हरवली. घरी काम करणाऱ्या बाईला ठाण्यावर न्यावे असे ठरू लागले. ‘नुसतं दोन तास बसवलं तरी पुरे, आपोआप बोलते,’ असे एक सज्जन गृहस्थ म्हणाले. ते सेवानिवृत्त प्राध्यापक आहेत. सत्यनारायणाला सगळ्यांना स्वतः वाढतात. त्यांच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता, नळ गळतो तर प्लंबर बोलवा असा सूर होता. मी त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात बोललो. घरी आल्यावर मुलीने विचारले, ‘बाबा, तुम्ही एवढे का चिडलात?’ तेव्हा तिला मामांचे सांगितले. अंगठी कुठे मिळाली ते मला ठाऊक नाही. मिळाली एवढे कळले.

२०२० साली निवृत्त होताना मी माझे सेवापुस्तक चाळले. १९८७ चा तो मेमो जागच्या जागी होता. मॅनेजरांची सही, जावक क्रमांक, तारीख. त्याच्या पुढच्या वर्षी मी माहितीच्या अधिकारात त्या ठाण्याकडे त्या दोन दिवसांच्या स्टेशन डायरीची प्रत मागितली. उत्तर आले की, मुदत संपलेले अभिलेख नियमानुसार नष्ट केले आहेत. खरे तर त्या पानांवर काहीच लिहिलेले नव्हते, पण मला ते कोरे पान पाहायचे होते.

मग मामांच्या गावी गेलो. पंचाहत्तरीकडे आलेले, अंगणात खाट टाकून बसले होते. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी नातू मोटारसायकलवरून शाखेत नेतो, म्हणाले. मी बराच वेळ इकडचे-तिकडचे बोललो आणि मग अर्जातल्या त्या वाक्याचे सांगितले. ते मी लिहिले होते, हे त्यांना इतकी वर्षे माहीत होते की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला, माझ्यात साखर कमी घालायला सांगितली. मग म्हणाले, ‘साहेब, त्या वेळी तुम्हाला बी मेमो आला होता म्हणं. त्याच्यानं तुमचं काई नुकसान तर झालं नाई ना?’

मी म्हटले, ‘एक इन्क्रिमेंट सहा महिने मागे पडलं.’

‘अरेरे,’ मामा म्हणाले.